नावाआधी काय लिहायचं

ताकाओका, ५ नोव्हेंबर १९९७

ताई,

रागावू नकोस, थेट मुद्द्यावर येतो. थंडी पडू लागली, पानं लाल झाली, सगळ्यांची प्रकृती कशी आहे, हे सगळं मी विचारलं असं समज.

क्योतोच्या हिनुमांकडून अजून उत्तर नाही. बाबांना सप्टेंबरात पक्षाघाताचा झटका आला, मी ऑक्टोबर उजाडताच हिनुमांना पत्र टाकलं. आपल्या ओतशाळेतल्या काशाच्या घंटा निम्म्याहून जास्त त्यांचीच पेढी उचलते, हे तुला ठाऊक आहे. वसंतातल्या पितरांच्या दिवसांसाठी लोक देव्हाऱ्यातली जुनी घंटा बदलतात, त्या मालाची मागणी दरवर्षी एव्हाना आलेली असते. यंदा चकार शब्द नाही. भट्टी तापवू की थंड ठेवू?

मी काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं देतो:

"हिनुमा साहेब, मी रेइजी. बाबा आजारी आहेत, त्यांना बोलता येत नाही. आता इथलं सगळं मी बघतो. मागणी नेहमीसारखी पाठवा. माल चांगलाच असेल."

यात काय चुकलं सांग. सगळं खरं आहे आणि वाचायला अर्धं मिनिट लागत नाही. तू लग्नाआधी नागोयाच्या कंपनीत असली पत्रं लिहायचीस, म्हणून तुला विचारतोय. मला साचा भरता येतो, घंटा सुरात लावता येते. कागद समोर आला की बोटं सुजतात.

बाबा तसेच आहेत. ऐकू सगळं येतं. बोलायला जातात आणि ओठ नुसते हलतात. मग चिडून भिंतीकडे तोंड करतात.

रेइजी


नागोया, ९ नोव्हेंबर

रेइजी,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. अक्षरशः. सासूबाईंनी विचारलं, डोकं दुखतंय का.

कोण रेइजी? कुठला रेइजी? हिनुमांच्या टेबलावर रोज ढीगभर पत्रं येत असतील. आधी आपण कुठले ते लिहायचं, मग नाव. "तोचियामा ओतशाळेचा तोचियामा रेइजी म्हणतात मला." 'मी रेइजी' असं आपण शेजारच्या पोराला सांगतो. आणि त्याच्याही आधी इतकी वर्षं आमच्यावर लोभ ठेवलात त्याबद्दल आभार, मग अचानक लिहीत आहे याची क्षमा, मग ओळख, मग काम. तू काम आधी लिहिलंस आणि बाकीचं खाऊन टाकलंस.

दुसरं. "बाबा आजारी आहेत." अरे बाबा! घरात ते बाबा. बाहेरच्या माणसाशी बोलताना ते आपल्या बाजूचे, म्हणून एकेरीत. "आमचा शिगेओ आजारी आहे." तू स्वतःच्या वडिलांना मान दिलास म्हणजे समोरच्याला खाली बसवलंस. कंपनीत पहिल्या आठवड्यात मी फोनवर "साहेब बाहेर गेले आहेत" म्हणाले होते, तर साहेबांनी स्वतःच येऊन माझ्या हातातला फोन काढून घेतला होता.

तिसरं, "माल चांगलाच असेल." हे आपण म्हणायचं नसतं. "मी अजून कच्चा आहे, सांभाळून घ्या" असं म्हणायचं.

नव्यानं लिही आणि पाठवायच्या आधी मला दाखव. आणि इथे फोन करू नकोस. फोन बैठकीत आहे आणि बैठकीत सासूबाई आहेत.

बाबांना भिंतीकडे तोंड करू देऊ नकोस. त्यांच्याशी बोलत जा. हवामानाचं बोल.

मिसाओ


ताकाओका, १६ नोव्हेंबर

ताई,

मी फोन केला. तुला नाही, हिनुमांच्या पेढीवर. म्हटलं, तोंडी तर जमेल. कसं जमलं ते वाच.

तिकडून एक बाई बोलल्या. एवढा गोड आवाज की मला वाटलं रेडिओ लागला.

"हिनुमा पेढी. आपला लोभ असाच राहू द्या. कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "रेइजी." जीभ चावली आणि घाईघाईनं म्हटलं, "तोचियामा! ताकाओकाचा! ओतशाळा!"

"तोचियामा साहेब का? तब्येत कशी आहे आपली?"

"नाही, ते बाबा. म्हणजे बाबा नाही. आमचा शि..." आणि ताई, ते दोन शब्द पुरते निघेनात. बाबा पलीकडच्याच खोलीत, दार उघडं. मी त्यांना असं एकेरीत बोललेलं त्यांनी ऐकलं असणार. मग मी गडबडलो आणि म्हणालो, "आमचे शिगेओसाहेब आजारी पडलेत आणि हिनुमा आहे का घरात?"

मग त्या बाई म्हणाल्या, "हिनुमा सध्या जागेवर नाही. आपला निरोप नक्की पोचवते." म्हणजे त्यांनी आपल्या मालकाला बरोबर एकेरीत टाकलं, आणि मीही त्यालाच एकेरीत टाकलं होतं! फोन ठेवला आणि डोकं भिंतीवर आपटलं.

सोबत नवीन पत्र. यात सगळं घातलंय: ऋतू, आभार, क्षमा, ओळख. ओळख दीड पान झाली, कारण एकदा लिहायला लागलो तर कुठे थांबायचं ते कळेना. शाळेतल्या बेसबॉलचं काढून टाकू का?

आणि "कच्चा आहे" मी लिहिणार नाही. अकरा वर्षं घंटा सुरात लावतोय. कच्चा काय म्हणून लिहू?

रेइजी


नागोया, २४ नोव्हेंबर
(पाकिटावरचा पत्ता बघ, सध्या याच पत्त्यावर पाठव)

रेइजी,

बेसबॉल काढ. मधुमेह झालेल्या आत्याबद्दलचं वाक्यही काढ. ते ओळखीत कसं आलं हे मला अजूनही कळलेलं नाही.

तुझ्याच्यानं होणार नाही हे दिसतंय, म्हणून मी पूर्ण पत्र लिहून सोबत पाठवते आहे. तू फक्त स्वच्छ अक्षरात उतरवून काढ आणि शिक्का मार. एक अक्षर बदलू नकोस. "कच्चा आहे" तसंच राहील. तू कच्चा आहेस असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही रे. सगळेच लिहितात. सत्तरीचे लोक लिहितात. न लिहिणारा मात्र लगेच डोळ्यात भरतो.

मैत्रीण किनुए आजारी आहे, ऑपरेशन झालंय, तिच्याकडे मदतीला आले आहे. थोडे दिवस. तिची खोली लहान आहे, फोन नाही. पत्रच लिही.

बाबांचं ऐकून बरं वाटलं नाही. तू त्यांना एकेरीत बोललास म्हणून ते दुखावले असतील असं समजू नकोस. तीस वर्षं त्यांनीही आजोबांबद्दल लोकांशी असंच बोलून काढली आहेत.

मिसाओ


ताकाओका, १० डिसेंबर

ताई, ताई, जमलं!

हिनुमांचं उत्तर आलं. जाड पांढरा कागद, हातानं लिहिलेलं. उतरवून देतो:

"हिवाळ्याची चाहूल लागलेली असताना आपल्या ओतशाळेची भरभराट होवो. आपले सविनय पत्र पावले. श्री. शिगेओ यांच्या प्रकृतीचे ऐकून मन हळहळले. मालासंबंधी आपण लिहिलेत त्यावर सकारात्मक विचार करण्यात येईल. आपला लोभ असाच राहू द्या."

सकारात्मक विचार! मी त्याच दिवशी तांबं आणि कथील आणून टाकलं. बाबांना पत्र वाचून दाखवलं, पण त्यांनी डोळे मिटून घेतले. दमले असतील.

तुझे मानावे तेवढे आभार थोडे. पुढल्या खेपेला ओळख दीड पान करणार नाही, शपथ.

अजून एक गंमत. परवा दाजींचा फोन आला होता. मी उचलला तर म्हणतात, "नागोयाच्या मेइशिन यंत्रकंपनीच्या खरेदी विभागातला तोरिगोए म्हणतात मला. अचानक फोन करतोय, क्षमा असावी. मिसाओ-सान तिकडे आहेत का?" मी हसायलाच लागलो. म्हटलं, दाजी, मी रेइजी, मला कशाला कंपनी सांगताय! ते हसले नाहीत. मी म्हटलं, ताई मैत्रिणीकडे आहे. तर म्हणाले, "अस्सं. आपल्याला त्रास दिला." आणि ठेवला. एवढे सभ्य कधी झाले गं? तू त्यांनाही पत्रं लिहायला शिकवतेस की काय?

किनुएबाई बऱ्या झाल्या का?

रेइजी


नागोया, १४ डिसेंबर

रेइजी,

तांबं परत घेतात का बघ. "सकारात्मक विचार करण्यात येईल" म्हणजे नाही. स्वच्छ नाही. कोण विचार करणार ते लिहिलेलं नाही, कधी करणार ते लिहिलेलं नाही. बाबांनी डोळे मिटले ते दमून नाही, त्यांना पहिल्या झटक्यात कळलं. मलाच विचारायचंस ना आधी! काय करू तुझं मी!

पण माझ्या पत्रात चूक कुठे झाली ते मला समजत नाही. चूक नव्हतीच. मी तीनदा वाचलं होतं.

आता दाजींचं. ते जे बोलले ते हसण्यासारखं नव्हतं. नवरा बायकोच्या माहेरी फोन करतो तेव्हा म्हणतो, "तोरिगोए बोलतोय. आमची मिसाओ आहे का तिथे?" त्यानं आधी कंपनी सांगितली आणि मग मला मानानं 'मिसाओ-सान' म्हटलं. म्हणजे त्याच्या हिशेबी मी आता बाहेरची. माझा मान वाढला, रेइजी. बारा वर्षांत त्यानं मला कधी 'सान' लावलं नव्हतं.

किनुएचं ऑपरेशन झालेलं नाही. तिला साधं पडसंही नाही. मी घर सोडलंय. त्याची सेंदाईला बदली झाली. मला कळली ती जेवायला आलेल्या पाहुण्यांकडून. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, आपण कधी जायचं? तर म्हणाला, "आपण कुठे? तू कशाला येतेस? आईकडे बघायला कोणीतरी लागेल ना." रागानं नाही रे म्हणाला. भात वाढ म्हणावं तसं म्हणाला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची सकाळची औषधं काढून ठेवली आणि मी निघाले.

सध्या जेवणाचे डबे भरणाऱ्या दुकानात काम करते. दुपारी नोकरीसाठी अर्ज लिहिते. लिहिते म्हणजे काय, पहिल्या ओळीवर बसते. "अमुक कंपनीची तमुक म्हणतात मला." कुठली? 'तोरिगोएंच्या घरची' असं लिहू? तुला मी मोठ्या ऐटीत शिकवलं, आधी आपण कुठले ते सांगायचं. तुझ्याकडे निदान ओतशाळा आहे. मी तीन पानं फाडली आणि मग तुझं पत्र दुरुस्त करायला घेतलं. ते झरझर झालं.

बाबांना काही सांगू नकोस.

मिसाओ


ताकाओका, १८ डिसेंबर

ताई,

सांगितलं. मला त्यांच्यापासून लपवता येत नाही. त्यांनी डाव्या हातानं चटईवर एवढ्या जोरात थापट्या मारल्या की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. तो राग दाजींवर होता, तुझ्यावर नाही, हे तुला कळेल.

गाडीत बस आणि ये. बर्फ पडलाय, रस्ते साफ केलेत. वरची खोली रिकामी आहे.

आणि पहिल्या ओळीसाठी एवढं काय अडलंय? "तोचियामा ओतशाळेची मिसाओ" असं लिही. झालं. आम्हाला पत्रं लिहिणारं माणूस नाहीतरी हवंच आहे. मी लिहिलं तर काय होतं ते तू बघितलंस.

तांबं परत घेत नाहीत.

रेइजी


नागोया, २७ डिसेंबर

रेइजी,

नको.

तू चांगल्या मनानं लिहिलंस हे मला कळतं आणि त्यामुळेच जास्त वैताग येतो. ओतशाळेला मागणी नाही, भट्टी थंड आहे, आणि तू मला तिथे नोकरी देतोस. कसली? मी काय आहे तिथे? नवऱ्याकडून परत आलेली मुलगी. तिला दारात उभी करायची म्हणून पाटीवर नाव घालायचं. कोणी विचारलं की दोघांनी खाली बघायचं. आपल्या नावाआधी काय लिहायचं ही काही रिकामी जागा नाही, दिसली की भरून टाकली. तिथे जे लिहू ते काम करता आलं पाहिजे.

आणि आडनाव कुठलं लावू? अजून कागदावर मी तोरिगोए आहे. त्याचे घटस्फोटाचे कागद आलेत, सहीच्या जागी शिक्का मारायचा आहे. शिक्का हातात घेते आणि ठेवून देते. त्याच्यावर जीव आहे म्हणून नाही. बारा वर्षं दुसऱ्याच्या नावाचा शिक्का वापरला आणि आता त्याच शिक्क्यानं ते नाव सोडायचं, या गोष्टीचं हसू येतं आणि हसताना रडू येतं, एवढंच.

नववर्षाला येत नाही. डब्याच्या दुकानात त्या दिवसांत फार काम असतं. बाबांना नववर्षाच्या तांदळाच्या चिकट वड्या बारीक करून दे, घशात अडकतील.

मिसाओ


ताकाओका, १९ जानेवारी १९९८

ताई,

मी क्योतोला जाऊन आलो. न कळवता गेलो. ओरड, मी कान धरून बसलोय.

कळवायचं म्हणजे पत्र लिहायचं, आणि पत्र लिहायचं म्हणजे तुला विचारायचं, आणि तू "नको" म्हणून बसलेली. मग मी एक घंटा कापडात बांधली आणि पहाटेची गाडी पकडली.

त्या गोड आवाजाच्या बाई दारातच भेटल्या. साठीच्या आहेत! हिनुमा आत होते. बारीक, ताठ, तोंडावर काही दिसू न देणारे. मी वाकलो आणि एका श्वासात म्हटलं, "तोचियामा ओतशाळेचा तोचियामा रेइजी म्हणतात मला." आणि दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं. आता खरं सांगतो. माझं कार्ड छापलेलं नाही. मी बाबांच्या कार्डावरचं नाव पेनानं खोडून वर माझं लिहिलं होतं. वाचून तू किंचाळली असशील. हिनुमा किंचाळले नाहीत. त्यांनी कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि पुष्कळ वेळ बघितलं.

"हे खोडलेलं नाव?"

"आमचा शिगेओ," मी म्हटलं. या वेळी निघालं तोंडातून. पण डोळ्यांत पाणी आलं, काय करू.

ते म्हणाले, "तुमच्याकडून दोन पत्रं आली. पहिलं तुम्ही लिहिलंत हे आता तुम्हाला बघून कळतं. उद्धट होतं. पण त्यात एक माणूस बसलेला दिसत होता. दुसऱ्यात एक चूक नव्हती. तशी पत्रं मला रोज येतात. दुसरं कोणी लिहिलं?"

मी घंटेचं कापड सोडायला लागलो.

"पहिलं लिहिणारा माणूस दुसरं लिहू शकत नाही. मग मी विचारात पडलो. शिगेओ-सान बोलू शकत नाहीत. मुलगा एका आवाजात बोलतो, पत्र दुसऱ्याच आवाजात येतं. उद्या एखाद्या देवळातून तक्रार आली, घंटेला तडा गेला, तर मी ताकाओकाला फोन करून कोणाचं नाव घेऊ? ज्या घरात कोण आहे तेच कळत नाही, तिथे मी माल कसा मागवू?"

तेव्हा मी म्हटलं, "दुसरं पत्र आमच्या मिसाओनं लिहिलं."

ताई, आयुष्यात पहिल्यांदा तुझं नुसतं नाव घेतलं. मागे ताई नाही, काही नाही. कानाला कसंतरीच वाटलं. शिवी दिल्यासारखं वाटलं, आणि तरी बरं वाटलं.

"मिसाओ-सान म्हणजे?"

"मोठी बहीण."

"ओतशाळेत असतात?"

मी म्हटलं, "असते."

ते निघून गेलं तोंडातून. आता मार मला. पण त्यांनी घंटा वाजवून बघितली, आवाज पार विरेपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "मग त्यांनी स्वतःच्या नावानं लिहावं. आम्ही वाट बघतो."

आता हे "वाट बघतो" म्हणजे काय ते तूच सांग. हेही "सकारात्मक विचार" सारखं आहे का? मला या लोकांचं काही कळत नाही. हो म्हणायचं तर हो म्हणा, नाही तर दगड मारून हाकला!

रेइजी


नागोया, २३ जानेवारी

रेइजी,

खोडलेलं कार्ड! वरती पेननं! तू जन्मलास तेव्हा मी सात वर्षांची होते आणि बाबांना म्हणाले होते की याला परत पाठवा. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

"वाट बघतो" हे सगळेच म्हणतात. त्याचा अर्थ शब्दांत नसतो. निघताना ते उठले का? कुठपर्यंत आले? एवढंच लिही. बाकी काही नको.

आणि मी ओतशाळेत असते असं कोणाच्या परवानगीनं सांगितलंस? दुसऱ्याच्या तोंडावर खोटं बोललास ते बोललास, वर आता ते खोटं सांभाळायला मला लावणार.

माझं पत्र बिनचूक होतं म्हणून पडलं, हे मी अजून पुन्हा पुन्हा वाचते आहे.

मिसाओ


ताकाओका, २६ जानेवारी

उठले. दारापर्यंत आले. दारातून बाहेर आले. गारठा होता, बर्फमिश्रित पाऊस होता, छत्री नव्हती. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आले. मी वळून बघितलं तर वाकलेले होते. मी पुढे जाऊन पुन्हा बघितलं तरी वाकलेलेच.

रेइजी


ताकाओका, ९ फेब्रुवारी

श्री. हिनुमा यांस,

थंडी अजून ओसरलेली नसताना आपली व आपल्या पेढीची प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. इतकी वर्षे आपण आमच्यावर जो लोभ ठेवलात त्याबद्दल मनापासून आभार. यापूर्वी भेट झालेली नसताना अचानक लिहीत आहे, क्षमा असावी.

तोचियामा ओतशाळेची तोचियामा मिसाओ म्हणतात मला.

यापुढे रीतीप्रमाणे "मी अजून कच्ची आहे" असे लिहायचे असते. मी ते लिहिते आहे, आणि या वेळी ते खरेच आहे. मला घंटा ओतता येत नाही. कुठली घंटा सुरात आहे हे मला रेइजी सांगतो तेव्हा कळते. मागचे पत्र मी लिहिले होते, त्याच्या नावाने. त्यात चूक नव्हती, कारण त्यात मी काहीच सांगितले नव्हते.

आमचा रेइजी आपल्याला म्हणाला की मी ओतशाळेत असते. तो म्हणाला त्या दिवशी ते खरे नव्हते. मी नागोयाला होते आणि माझे आडनाव वेगळे होते. आज हे पत्र लिहिताना ते खरे आहे. गेल्या मंगळवारी मी इथे राहायला आले, आडनावाचे कागद पूर्ण झाले, आणि काल मी पहिल्यांदा मालाच्या पेट्या मोजल्या.

आपण विचारलेत की तक्रार आली तर कोणाचे नाव घ्यायचे. माझे घ्या. घंटेत दोष असेल तर तो रेइजी दुरुस्त करील, आणि आपल्याला काय झाले, केव्हापर्यंत ठीक होईल, हे मी सांगेन. ठीक होणार नसेल तर तेही सांगेन. आमचा शिगेओ बोलू शकत नाही. पण प्रत्येक घंटा पेटीत जाण्याआधी तो ऐकतो आणि नापसंत असेल तर मान फिरवतो. त्याने मान फिरवलेली घंटा आपल्याकडे येणार नाही.

आपला लोभ राहू द्यावा.

तोचियामा ओतशाळा
तोचियामा मिसाओ


क्योतो, १७ फेब्रुवारी

सौजन्यमूर्ती मिसाओ-सान यांस,

आपले पत्र पावले. दोनदा वाचले.

हिनुमा पेढीचा हिनुमा कोइचिरो म्हणतात मला. आपल्या घराशी इतक्या वर्षांचा व्यवहार असून मी आता स्वतःची ओळख करून देतो आहे, याचे आपल्याला नवल वाटेल. मी जन्माने हिनुमा नाही. या घरात जावई म्हणून आलो आणि हे नाव घेतले. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी ताकाओकाच्या ओतशाळेला पत्र लिहायला बसवले. "हिनुमा पेढीचा हिनुमा" एवढे लिहिले आणि पुढे हात चालेना. कोणी तरी वाचून म्हणेल की हा कसला हिनुमा, असे वाटत राहिले. शेवटी तसेच पाठवले. शिगेओ-सान उत्तर द्यायला स्वतः आले. मला म्हणाले, "हिनुमा साहेब, आपण बोलावलेत म्हणून आलो." या नावाने मला हाक मारणारे ते पहिलेच बाहेरचे गृहस्थ.

त्यांना माझा नमस्कार सांगावा.

सोबत मागणी जोडली आहे. पितरांच्या दिवसांआधी माल मिळाल्यास उपकार होतील. रेइजी-सान यांनी कार्डे छापून घ्यावीत.

हिनुमा कोइचिरो


(स्वयंपाकघरातल्या टेबलावरची चिठ्ठी, २० फेब्रुवारीची सकाळ)

ताई,

तू झोपली आहेस म्हणून चिठ्ठी. मागणीचा कागद पुन्हा वाचला. दीडशे घंटा! मार्चच्या मध्यापर्यंत! नोव्हेंबरपासून मी या माणसाच्या एका शब्दासाठी तडफडतोय, तेव्हा यांना विचार करायचा होता, आणि आता यांना घाई. माणूस आहे की कोण! भट्टी आज पेटवतोय, पण सगळा माल एवढ्यात होणं शक्य नाही, साचे काय आकाशातून पडणार आहेत?

त्यांना लिही. ऋतू, लोभ, क्षमा, ओळख यात तुझं अर्धं पान जाईल, ते जाऊ दे. पण खाली कुठेतरी साफ लिही की निम्म्या घंटा वेळेवर मिळतील आणि निम्म्या एप्रिलमध्ये. विचार करू, बघू, असलं काही लिहिलंस तर मी जेवणार नाही.

बाबांना कालच हिनुमांचं पत्र वाचून दाखवलं. नमस्काराच्या ओळीला त्यांनी हातानं थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. आत्ता ते भट्टीशेजारी घोंगडी पांघरून बसलेत, हलायला तयार नाहीत.

आणि पहाटेच कोपऱ्यावरच्या योनेदाबाई दारात येऊन उभ्या. "मिसाओ आली म्हणे. किती दिवस आहे?" असं हळूच, वाकून वाकून. मी म्हटलं, "आमची मिसाओ ना? ती इथे कामाला असते. आत्ता झोपली आहे. आपलं काही काम होतं का? निरोप ठेवा, नक्की पोचवतो."

वाकायच्या थांबल्या आणि सरळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, देव्हाऱ्यातल्या घंटेचा आवाज बसलाय, ती दाखवायला आणू का.

दुपारी घेऊन येतायत. तूच बोल त्यांच्याशी.

रेइजी